कल्याण ते डोंबिवली, खाडीवरून

गेल्या महिन्यात कल्याणहून डोंबिवलीला यायला मला पाच तास लागले. एरवी लोकलने हे अंतर दहा मिनिटांचं. लग्न होऊन डोंबिवलीत आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि इतकी वर्षं इथून जवळूनच एक खाडी वाहते हे मला पावसाळ्यातल्या पुराच्या बातम्यांपुरतंच ठाऊक होतं. तिच्या पाण्याला हात लावावा असं कधी मनात आलं नाही. आल्यावर सगळे विचारतात, 'कसं होतं?' प्रत्येकाला निराळं उत्तर देऊन झालं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी हे सांगायला हवं की मी स्वतःहून गेले नव्हते. माझ्या नणंदेच्या, शैलाताईंच्या वाढदिवसाला त्यांच्या पुण्यातल्या मुलाने खाडीसफरीच्या दोन जागा भेट म्हणून काढल्या होत्या. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी बोर्डवर, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या लांबट तरंगत्या फळीवर बसायचं आणि ओहोटीबरोबर वल्हवत डोंबिवलीच्या मोठागावला उतरायचं. वाटेत वाटाड्या कल्याण बंदराची माहिती सांगणार. ताईंबरोबर त्यांची मैत्रीण जायची होती, तिचा पाय मुरगळला. मग ताईंनी भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला फोन केला. ह्यांच्या कमरेचा मणका सरकलेला. फोनवर तोंड अर्धवट झाकून हे म्हणाले, "मेधा येईल की."

मी चौपन्न वर्षांची आहे. लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. मला पोहता येत नाही. ताई चौसष्ट वर्षांच्या, कल्याणात जन्मलेल्या, परकर खोचून तलावात पोहायला शिकलेल्या. आणि आमचं फारसं जमत नव्हतं, हेही सांगून टाकते. भांडण कधीच झालं नाही. सणाला फोन, वाढदिवसाला साडी, सगळं रीतसर. पण सासूबाई शेवटची दोन वर्षं आमच्याकडे होत्या, त्यांना विसरायचा आजार झाला होता, आणि त्या काळात ताई ठाण्याहून येईनाशा झाल्या. शेवटच्या आठ महिन्यांत दोनदा आल्या असतील. ते माझ्या मनातून गेलं नव्हतं.

तरी 'नाही' म्हणता आलं नाही. असं मी निघाले.

दुर्गाडी

जानेवारीची सकाळ, सात वाजायचे होते. गणेशघाटाच्या पायऱ्यांवर धुकं इतकं की पलीकडचं कोनगाव दिसतच नव्हतं. पाण्याला वास होता, लपवण्यात अर्थ नाही. शेवाळाचा, चिखलाचा आणि कुठल्यातरी नाल्याचा मिळून एक. पाचेक मिनिटांत नाक त्याला सरावतं.

आमचे वाटाडे हरीभाऊ, पन्नाशीचे, खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. अंगाने किरकोळ, पण खांदे असे की लाइफ जॅकेट वर चढून बसलेलं. त्यांची बायको वनिताताई मागून इंजिनाची होडी घेऊन येणार होती, कुणी थकलं तर त्यात बसायला. आमच्याबरोबर ठाण्याचं एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं. ती दोघं बोर्डवर चढली काय, उभी राहिली काय, दोन मिनिटांत फोटोसुद्धा काढून मोकळी.

पाण्यात उतरण्याआधी हरीभाऊंनी वाकून ओंजळभर पाणी कपाळाला लावलं. मी मूळची कराडकडची. आमच्याकडे पहिल्यांदा नदीत पाय घालताना हळदकुंकू वाहतात, कृष्णामाई म्हणतात. मी त्यांना विचारलं, "तुमच्याकडे खाडीला माई म्हणत नाहीत का?"

"माई नाय म्हनत," ते म्हणाले. "खाडी म्हंजे आमचं शेत. शेताच्या पाया पडूनच आत जायाचं ना?"

मग त्यांनी पायाला पट्टा बांधायला शिकवलं, म्हणजे पडलं तरी बोर्ड हातचा जात नाही. गुडघ्यांवर बसा, नजर लांब ठेवा, पाण्याकडे बघू नका. मी पहिली दहा मिनिटं फक्त पाण्याकडेच बघितलं. वल्हं उलटं धरलं होतं, तेही ताईंनीच सांगितलं. "अगं मेधा, झाडू नाहीये तो." जोडपं हसलं. मला राग आला, पण वल्हं सुलटं केल्यावर बोर्ड खरंच पुढे सरकला.

रस्त्यावरून दुर्गाडी म्हणजे वाहतुकीच्या गर्दीतली एक टेकडी. वर देवीचं देऊळ, नवरात्रात जत्रा, एवढीच माझी ओळख. पाण्यावरून तो किल्ला आहे. धुक्यातून आधी बुरूज दिसला, काळा, ओला, दगडांच्या सांध्यांतून पिंपळाची मुळं उतरलेली. आपण खाली, तो वर. जहाजातून येणाऱ्या माणसाला गाव कसं दिसत असेल ते मला तिथे पहिल्यांदा कळलं. आधी किल्ला, मग घाट, मग घरं. रस्त्याने येणारा गावात मागच्या दाराने शिरतो.

हरीभाऊ बोर्डवर उभे राहून सांगत होते. इथे महाराजांनी जहाजं बांधून घेतली, आरमाराची सुरुवात या खाडीतली. त्याच्याही कितीतरी आधी इथून माल परदेशी जायचा. ताई मध्येच म्हणाल्या की कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. "आमच्या शाळेत सहल नेली होती. गुरुजी म्हणाले, बघा, ही तुमच्या गावची माणसं. आम्हाला वाटलं, कुणीतरी परवाच दगडावर नाव खरडून गेलंय." हरीभाऊ मनापासून हसले. ताईंना असं गप्पा मारताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

रेतीबंदर

पुलांखालून बाहेर आलो तेव्हा ऊन पडलं होतं. वरून ट्रक जात होते, त्यांचा आवाज खाली घुमून येतो, पण पाणी शांत. ओहोटी लागली होती. वल्हं थांबवलं तरी खाडी आपली आपल्याला पुढे नेत होती. इतकं फुकटचं पुढे जाणं मला आयुष्यात कधी मिळालं नाही. माझी भीती सुटली. काठाला तिवरांची हिरवी रांग, त्यांच्या मागे भिवंडीकडची गोदामं, एका वाशावर पंख पसरून बसलेला पाणकावळा, आणि खंड्याची ती निळी रेघ, दिसेपर्यंत गेलेली. मी डोंबिवलीला राहते, हे सगळं माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होतं.

रेतीबंदरापाशी हरीभाऊंनी वल्हं आडवं धरलं. मग म्हणाले, तरुणपणी ते इथे बुडी मारून रेती काढायचे. बादली घेऊन तळाशी जायचं, भरायची, वर यायचं. दिवसभर.

"खाली दिसतं काही?" मी विचारलं.

"काय नाय. डोळे मिटूनच जायाचं. हातानं बघायचं." त्यांनी हाताची बोटं पसरून दाखवली. "एकदा दगड लागला. गोल, मधी भोक. वर आनला तर आमचा म्हातारा म्हनतो, जुन्या जहाजाचा नांगर हाय हा."

"मग? कुठे आहे तो?"

"टाकला परत. होडीला वजन व्हायचं ना. रेती भरायची का दगड?" वल्हं पुन्हा पाण्यात घालत ते म्हणाले, "आता वाटतं, ठेवायला पायजे होता. पन तवा पोट होतं."

आता रेती काढणं बंद झालं. मुंबईहून कुणी बोर्ड घेऊन आलं, त्यांना पाणी माहीत असलेला माणूस हवा होता. ज्या तळाला हात लावून लावून बोटांची कातडी गेली, त्याच्याच वरून लोकांना फिरवायचं काम मिळालं, याचं त्यांना नवल वाटत होतं. "देवीची किरपा," म्हणाले. खाडीचा कुठला भाग कधी उथळ होतो, कुठे वळसा घ्यायचा, हे ते नुसत्या पाण्याच्या रंगावरून सांगत होते. माझ्यासारख्या माणसाचा जीव त्या ज्ञानावर तरंगत होता.

तिवरांच्या कडेला

तासाभराने आमची रांग विस्कटली. जोडपं पुढे, त्यांच्यावर लक्ष ठेवायला हरीभाऊ त्यांच्याबरोबर. ताई मधे, मी शेवटी. माझ्या मागे होडी होती, पण तिच्या पंख्यात प्लॅस्टिक अडकलं आणि इंजिन बंद पडलं. वनिताताई होडीत वाकून कोयत्याने ते कापत होत्या, तशा त्या मागे पडल्या.

मी जलपर्णीच्या एका मोठ्या तुकड्याला चुकवायला काठाकडे वळले. चुकलं नाही. बोर्डच्या खालचं पातं त्यात गुंतलं, बोर्ड थांबला आणि मी थांबले नाही.

पाणी कमरेएवढंच होतं. पण पाय खाली टेकले ते टेकतच गेले. गुडघ्यापर्यंत चिखल, मऊ, गार, आणि पाय उचलायला गेलं की दुसरा आणखी खाली. जॅकेट असून मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. ताई म्हणतात, "आई गं" नव्हतं, "ताई" होतं.

त्यांनी बोर्ड वळवला. उतरत्या पाण्याच्या उलट, चौसष्ट वर्षांच्या बाईने, एकेक वल्हं मारत. लांबून हरीभाऊंची हाक आली, "उभ्या राहू नका! बोर्डवर पालथ्या पडा!" ताई माझ्यापर्यंत आल्या, आपल्या बोर्डवर आडव्या झाल्या, माझ्या जॅकेटचा पट्टा धरला आणि म्हणाल्या, "माझ्याकडे बघ. पायाचं विसर. पोट बोर्डवर टाक. टाक!" मी टाकलं. एक पाय सुटला, मग दुसरा. अंगावर काळा चिखल, तोंडात खारट चव, पण मी बोर्डवर होते.

पुढे मात्र जाता येईना. या सगळ्यात पाणी आणखी उतरलं होतं आणि दोन्ही बोर्ड चिखलावर टेकले होते. हरीभाऊ जमेल तेवढे जवळ आले, वल्हं खुपसून तळ बघितला. "ताय, तुमी आता सुरक्षित हाव. फक्त खाली उतरू नका. मी होडी घेऊन येतो, दोर टाकून वढून घेऊ." जोडप्याला त्यांनी एका बांधाला लावलं आणि ते बायकोच्या मदतीला उलट गेले. ते आम्हाला दिसत होते, आम्ही त्यांना दिसत होतो. फक्त वेळ जायचा होता.

आम्ही दोघी चिखलात, आपापल्या बोर्डवर, मांडी घालून बसलो. आजूबाजूला निवट्या उड्या मारत होत्या, चिखलातले ते बोटाएवढे, डोळे वटारलेले मासे.

"थँक यू, ताई," मी म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मनापासून.

त्यांनी हात झटकला. मग म्हणाल्या, "आईला हे ऐकायला आवडलं असतं. म्हणजे, आधीच्या आईला." आणि काठाकडे बघत बोलत राहिल्या. "मी यायची बंद झाले, ते तुला लागलं. मला माहीत आहे. मी आले की ती विचारायची, कोण पाहिजे आपल्याला? आपल्याला म्हणाली, मेधा. मला. दुसऱ्यांदा विचारलं त्या दिवशी मी तुमच्या जिन्यात बसून राहिले. खालच्या बाईंनी पाणी आणून दिलं. त्यानंतर पाय उचलेना. तुझ्यावर सगळं पडलं. पण तिने मला पुसून टाकलं होतं गं."

माझ्याकडेही सांगायची एक गोष्ट होती. ती चार वर्षं माझ्याजवळ होती.

सासूबाई शेवटच्या वर्षात मला शैला म्हणायच्या.

पहिल्यांदा मी सांगायचे, मी मेधा. मग सोडून दिलं, ओ देऊ लागले. "शैला, केस ओढू नकोस गं." "शैला, डब्यात पोळी नेलीस का?" एकदा मी न्हाऊन आले तर म्हणाल्या, "तलावावर गेली होतीस ना? बाबांना सांगणार नाही." दिवसातून वीस वेळा हे नाव. मी त्यांचं सगळं करत होते आणि ते ज्या नावाने चाललं होतं ती मुलगी ठाण्यात बसली होती. मला त्याचा राग होता. म्हणून मी ते ताईंना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना आनंद झाला असता, आणि तो मला त्यांना द्यायचा नव्हता. इतकं साधं आणि इतकं वाईट कारण.

हे सगळं मी सांगितलं. शेवटचंही सांगितलं.

ताईंनी हातातलं वल्हं बोर्डवर ठेवलं. मग माझ्याकडे वळल्या. "चार वर्षं?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी चार वर्षं रोज देवासमोर बसून विचारतेय, माझं काय चुकलं म्हणून. आणि तुझ्याकडे हे होतं?"

"हो."

"हो," त्यांनी परत म्हटलं, आणि तोंड फिरवलं.

तेवढ्यात होडीचं इंजिन ऐकू आलं. होडी खोल पाण्यात थांबली, वनिताताईंनी दोर फेकला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा माझ्या मांडीवर पडला. "ताय, घट धरा, आनि हसू नका, तोंडात चिखल जाईल!" आणि नवरा-बायकोने आम्हाला चिखलावरून ओढत, घसरत, एकीमागून एक पाण्यात नेलं. दुसरी कुठली वेळ असती तर आम्ही हसून बेजार झालो असतो. ताईंच्या गालांवर चिखल होता आणि त्यातून पाण्याच्या दोन रेघा उतरल्या होत्या.

मोठागाव

उरलेलं अंतर आम्ही दोघींनी होडीतून केलं, जोडपं हरीभाऊंबरोबर वल्हवत आलं. माणकोलीचा नवा पूल डोक्यावरून गेला आणि धक्का आला.

जेवण ठरलेलं नव्हतं, जोडपं धक्क्यावरूनच घरी गेलं. पण वनिताताईंनी आम्हाला तशा अवतारात जाऊच दिलं नाही. धक्क्याजवळच्या आपल्या घराच्या मागे नळाखाली बसवून बादल्या ओतल्या, आपले गाऊन दिले. मग पानं वाढली. उकड काढून हातावर थापलेली तांदळाची भाकरी, पांढरीशुभ्र. आमच्याकडची ज्वारीची भाकरी दणकट असते, ही हातात घेतली की वाकते. त्याबरोबर चिंबोरीचा, म्हणजे खाडीतल्या खेकड्याचा रस्सा, तिखट, आणि सुक्या जवळ्याची चटणी. "आता खाडीत पयल्यासारखं मिलत नाय," हरीभाऊ म्हणाले, "पन चिंबोरी हाय अजून. ती पन आमच्यासारखी, चिखलात तग धरते." माझ्या चिंबोरीची नांगी मला फोडता येईना. वनिताताईंनी दाताने फोडून माझ्या पानात ठेवली, जशी लहान मुलाला देतात. ज्या बाईचं नाव सकाळी मला माहीत नव्हतं, तिच्या हातचं मी असं खाल्लं. याचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही. मी फक्त तिसरी भाकरी मागितली, आणि ती खूश झाली.

"बहिनी बहिनी का तुमी?" तिने विचारलं.

ताई पानातच बघत होत्या, म्हणून मी म्हटलं, "नणंद-भावजय."

"मंग ननंद चांगली हाय. पान्याच्या उलटी आली तुमच्यासाठी. मी लांबून बगत होते ना."

ताईंनी पान उचललं आणि हात धुवायला उठल्या.

बाहेर रिक्षा मिळाली. मी म्हटलं, घरी चला, चहा घेऊ. त्या म्हणाल्या, "नको. मला ठाण्याला जायचंय." माझ्याकडे न बघता. मी त्यांना अडवलं नाही. अडवायचा हक्क मला वाटला नाही.

आठ दिवस त्यांचा फोन आला नाही. ह्यांनी केला तर तब्येत बरी आहे म्हणाल्या आणि ठेवला. मी लॅबमध्ये लोकांच्या शिरा शोधत होते आणि मनात म्हणत होते, झालं ते बरं झालं. मऊ चिखलात बसल्यावर माणूस खोटं बोलू शकत नाही, ही खाडीची माझ्यावर मोठी मेहेरबानी. पण तिचा परिणाम काय व्हायचा तो माझ्या हातात नव्हता.

नवव्या दिवशी, रविवारी, सकाळी सात वाजता बेल वाजली. मी केस विंचरत होते, तशीच दार उघडायला गेले. दारात शैलाताई. खांद्याला पर्स, हातात चांगली फुगलेली कापडी पिशवी, जिना चढून आल्यामुळे दम लागलेला.

"मला अजून राग आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"तो जाईल की नाही सांगता येत नाही. पण दोन वर्षांचं आहे सगळं, एका सकाळी संपायचं नाही. म्हणून चार दिवसांचे कपडे घेऊन आलेय." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि चपला काढल्या. "चहा टाक. आणि आई तुमच्याकडे आली त्या दिवसापासून सांग. काही गाळू नकोस."